जत्रा नसलेले भाडेकरू

महाराष्ट्रात जाऊन आलेल्या माणसाला आमच्या मॉरिशसमध्ये एकच प्रश्न विचारतात. विमान कसं होतं, देवळं पाहिली का, साड्या काय आणल्या, हे सगळं नंतर. आधी विचारतात, "गाव सापडलं का?" आमचे पूर्वज उसाच्या कामाला इथे आले तेव्हा बंदरावरच्या साहेबाने नाव विचारलं आणि त्यांनी नाव सांगितलं. बापाचं नाव, आडनाव, गाव असल्या भानगडीत साहेब पडला नाही. ज्याने भिकू सांगितलं त्याच्या पुढच्या सगळ्या पिढ्या भिकू झाल्या. मी शालिनी भिकू, माझे वडील केशव भिकू, आणि डोंगराच्या पायथ्याशी, समुद्रासमोर असलेल्या आमच्या वाडीतली निम्मी घरं भिकूंचीच.

गाव सापडलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे त्या आशेने कुणी शेवटपर्यंत वाचायला नको. एका भिकूच्या नावावरून सगळ्या महाराष्ट्रात गाव शोधायचं म्हणजे समुद्रात पडलेला नथीचा मोती शोधायचा. आम्ही शोधलं ते घर, तेही भाड्याचं, आणि तेवढ्यातच आमचा जीव मेटाकुटीला आला. हे मी आमच्या इथल्या न गेलेल्या मंडळींसाठी लिहिते आहे. कोल्हापूरकरांच्या हाती पडलं तर त्यांनी हसावं, पण फार मोठ्याने नको. त्यांचं हसणं मला माहीत आहे.

मी इथल्या शाळेत मराठी शिकवते. शिक्षकांसाठीच्या एका अभ्यासक्रमासाठी मला जानेवारी ते मे कोल्हापूरला राहायचं होतं. हे कळल्यावर बाबा म्हणाले, मीही येतो. एक्क्याऐंशी वर्षांचा माणूस, जन्मभर उसाच्या मळ्यात काम केलेला, बेटाबाहेर पाऊल न टाकलेला. मी हो म्हणायच्या आतच त्यांनी अट घातली. "लॉजमध्ये मी उतरणार नाही. कुणाच्या घरी पाहुणा म्हणूनही राहणार नाही. आपले दार असावे, आपली चूल असावी. त्या दारात कोणीतरी यावे आणि मी त्यास जेवू घालावे. एवढे झाले की माझे समाधान झाले."

बाबा असंच बोलतात. दिवसभर मळ्यात राबून संध्याकाळी बैठकेत जमायचं आणि कंदिलाच्या उजेडात मराठी शिकायचं, असे ते दिवस. त्यांचं मराठी तिथलं, पुस्तकातून उचललेलं, इस्त्रीची घडी न मोडलेलं. घरी आम्ही सगळे क्रेओल, ही बेटावरची फ्रेंच वळणाची बोली, बोलतो, पण महत्त्वाचं काही असलं की बाबा मराठीत शिरतात.

तेव्हा ठरलं असं. मी पुढे जायचं, घर मिळवायचं, मग माझा भाऊ त्यांना विमानात बसवून देणार. घर मिळालं नाही तर येणं रद्द. त्या वयाच्या माणसाला "पुढच्या खेपेला जाऊ" असं सांगता येत नाही, हे मलाही कळत होतं आणि त्यांनाही.

राजारामपुरी

कोल्हापूरच्या राजारामपुरीत गल्ल्यांना नंबर आहेत. पहिली गल्ली, दुसरी गल्ली, अशा त्या ओळीने जातात आणि प्रत्येक गल्लीत तेच दिसतं: खाली दवाखाना, वर क्लास, त्यावर कुणाचा तरी फ्लॅट आणि गॅलरीत वाळत घातलेले टॉवेल. नंबर असूनही मी रोज चुकत असे. माझ्याबरोबर घरं दाखवणारा दिलीप नावाचा एजंट होता. त्याच्या मोटारसायकलवर मागे बसून मी सगळ्या गल्ल्या पालथ्या घातल्या.

पहिल्या घराचे मालक भलतेच खूश झाले. विद्यापीठात शिकायला आलेल्या बाई, मराठी शिकवतात, वयस्कर वडील येणार आहेत, असा भाडेकरू कुणाला नको? त्यांनी चहा मागवला.

"बाई, नाव काय म्हनालासा?"

"शालिनी भिकू."

"भिकू हे नाव झालं. आडनाव?"

"तेच आडनाव."

"आसं कसं आसंल? बरं, गाव कुठलं?"

मी पासपोर्ट काढून टेबलावर ठेवला. त्यांनी तो उलटापालटा करून पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. "दिसतायसा तर आमच्यासारख्याच," ते म्हणाले. आवाजात असा सूर, जणू मी वेष पालटून आले होते. परदेशी माणूस घरात ठेवला की मालकाने पोलिसांना कळवावं लागतं, आणि पोलिसांचं झेंगट त्यांना नको होतं. तरी चहा पूर्ण पाजला, वर भडंगाची बशी पुढे केली, फाटकापर्यंत पोचवायला आले. कोल्हापुरात नकारसुद्धा पोटभर मिळतो.

दुसऱ्या घरात मटण चालत नव्हतं. तिसऱ्या घरी म्हणाले, हरकत नाही, फक्त तुमच्या ओळखीचा कुणीतरी गावाकडचा माणूस आणा, जो तुम्हाला ओळखतो असं सांगेल. माझ्या ओळखीचा गावाकडचा माणूस म्हणजे दिलीप, आणि त्याची माझी ओळख चार दिवसांची. चौथ्या, पाचव्या, सगळ्या घरांत तोच प्रश्न असे, गाव कुठलं. आमच्याकडे किनाऱ्यावरची घरं परदेशी लोकच भाड्याने घेतात. त्यांचं गाव कुठलं हे आम्ही कधी विचारलेलं मला आठवत नाही. आम्हाला ते कळूनही काय करायचं? इथे मात्र त्या एका उत्तरावरून माणूस ओळखतात. गाव सांगितलं की त्या गावातला कुणीतरी त्यांचा मेहुणा, साडू, निदान दुधवाला निघतोच, आणि मग तुम्ही कोण हा प्रश्नच मिटतो. माझ्या बाबतीत तो मिटेना.

एका दुपारी मी गाडीवर मिसळ खाल्ली आणि डोळ्यांतून धारा लागल्या. गाडीवाल्याने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि म्हणाला, "तिखट लागलं व्हय पावणं?" हो म्हटलं. सगळं तिखटामुळे नव्हतं. मॉरिशसमध्ये आम्ही मराठी म्हणून वेगळे. गणपती आमचे, फुगड्या आमच्या, बैठका आमच्या. जन्मभर ज्या नावाने वेगळं राहिलो त्या नावाच्या मुलखात आले, तर इथे मी फॉरेनर. मला फार एकटं वाटलं, आणि बाबांना हे दिसू नये असंही वाटलं. रात्री फोनवर त्यांना सांगितलं, घरं खूप आहेत, मी जरा चोखंदळपणा करते आहे.

लीलाक्का

"एक म्हातारी हाय," दिलीप म्हणाला. "पर लई तोंडाळ. बगा तुमाला जमतंय का."

लीलाक्कांचं घर एका आडगल्लीत. खाली त्या एकट्या राहत, वरच्या दोन खोल्या भाड्याने. गॅलरीला टेकलेलं पपईचं झाड. आम्ही गेलो तेव्हा त्या पायरीवर बसून शेंगा फोडत होत्या. माझं नाव त्यांनी विचारलंच नाही. मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "जत्रा कधी तुमची?"

मला प्रश्नच कळला नाही. दिलीपने समजावून सांगितलं. या भागात प्रत्येक गावाची वर्षातून एक जत्रा. त्या दिवशी पोटापाण्यासाठी शहरात गेलेला माणूस काहीही करून गावी परततो. घरोघरी मटण शिजतं आणि ओळखीच्या, त्यांच्या ओळखीच्या, सगळ्यांना जेवायला बोलावतात. त्यांच्या जत्रेला तुम्ही जेवायला जायचं आणि तुमच्या जत्रेला त्यांना बोलवायचं. म्हणजे गाव कुठलं हाच प्रश्न, फक्त मटणासकट.

"आम्हाला जत्रा नाही," मी म्हटलं आणि सगळं सांगून टाकलं. जहाज, भिकू, पासपोर्ट, पोलिसांना कळवावं लागेल तेही. नकार यायचाच तर शेंगांची टरफलं झाडायच्या आत येऊ दे.

अक्कांचे हात थांबले. "जत्रा न्हाय? कुठलीच न्हाय?"

"नाही."

"आनि म्हाताऱ्यास्नी बी न्हाय?"

"त्यांनाही नाही."

"आई गं," त्या म्हणाल्या. कुणाचं घर जळाल्याचं ऐकावं तसा त्यांचा चेहरा झाला होता. मग हळूहळू तो चेहरा बदलला. त्या उठल्या, कमरेची किल्ली काढली. "मग ऱ्हावा की वर."

कारण त्यांनी जिना चढता चढता सांगितलं. आधीचे सगळे भाडेकरू गावाकडचे. जत्रा आली की कुलूप लावून पसार. इथे महापालिकेचं पाणी पहाटे येतं, मोटर लावून टाकी भरावी लागते, आणि चुकलं की दोन दिवस बोंब. त्यांची स्वतःची जत्राही त्याच दिवसांत. "दर साली माझ्या जत्रंला मी जीव मुठीत धरून जातो. पानी कोन भरनार? तुमी तर कुटं जायाच्या न्हाईत." अक्का स्वतःबद्दल पुरुषासारखं 'जातो, येतो' बोलतात. तिथल्या पुष्कळ बायका बोलतात.

ज्या एका गोष्टीने मला इतकी दारं बंद झाली त्याच गोष्टीने हे उघडलं. मी आनंदाने हसले, आणि हसता हसता मला वाईटही वाटलं. जगात कुठेच जायचं नाही, म्हणून भरवशाचा भाडेकरू.

पोलिसांना कळवायचं काम संगणकाच्या दुकानात बसून झालं. काही दिवसांनी एक हवालदार चौकशीला आला. अक्कांनी त्याला खुर्ची दिली आणि विचारलं, "गाव कुठलं तुमचं?" त्याने सांगितलं. त्या गावात अक्कांची चुलतनणंद दिलेली होती. चहा संपेपर्यंत हवालदार अक्कांचा भाचा झाला होता, आणि माझ्याकडे पाहून "मामीकडं हाईसा, मग काय काळजी न्हाय" असं म्हणून निघून गेला. माझी चौकशी राहूनच गेली.

त्या संध्याकाळी मी बाबांना फोन केला. घर मिळालं म्हटलं. ते म्हणाले, "चूल कोणत्या दिशेस आहे?"

बाबा येतात

बाबा आले ते गळ्याला मफलर गुंडाळून, भर उन्हात. घरात शिरताना त्यांनी उंबऱ्याला हात लावला आणि भाड्याच्या घरभर एखाद्या मालकाच्या ऐटीत फिरले. नळ सोडून पाहिले. खिडक्या उघडून पाहिल्या. पपईच्या झाडाशी काही बोलले.

दुसऱ्या दिवशी ते भाजी आणायला गेले आणि मी लांबून पाहत राहिले. "कृपा करून मला दोन लिंबे द्यावीत," ते भाजीवालीला म्हणाले. भाजीवाली ओरडली, "घ्या की आबा, चार घ्या!" आठवड्याभरात सगळी गल्ली त्यांना ओळखू लागली. केशकर्तनालयात त्यांना बोलतं ठेवायला लोक थांबत. पहाटे मोटर लावायचं काम त्यांनी माझ्याकडून काढून घेतलं. टाकी भरून वाहू लागली की खालून अक्का ओरडत, "आबा, बंद करा, गल्ली धुतलीसा!" आणि बाबा वरून म्हणत, "क्षमा असावी."

संध्याकाळी दोघं पायरीवर बसत. अक्का बोलत, बाबा ऐकत. अक्कांच्या बोलण्यातलं निम्मं त्यांना कळत नसे, असं त्यांनी मला खासगीत सांगितलं. पण ते उठत नसत.

वारणेकडे

मार्चच्या शेवटी अक्कांच्या गावची जत्रा. वारणानगरच्या पुढे त्यांचं माहेर. टाकीची सोय काय, हा प्रश्न शेजारच्या टेलरकाकांच्या गळ्यात घालून अक्का आम्हालाही घेऊन गेल्या. माझ्या भरवशाच्या भाडेकरूपणाचा असा पहिल्याच जत्रेला निकाल लागला.

एसटीच्या दोन्ही बाजूंना ऊस. कारखान्याच्या जवळ आलो तसा मळीचा वास आत शिरला. बाबा खिडकीशी बसले होते. त्यांनी डोळे मिटले. आमच्याकडे तोडणीच्या महिन्यांत सगळ्या बेटावर हाच वास असतो. गोड, थोडा आंबूस, कपड्यांत मुरणारा. "वास तोच आहे," ते म्हणाले. मला वाटलं खूश आहेत. पण मग म्हणाले, "एवढा ऊस येथेच होता. मग त्यांना इतक्या दूर का नेले?" त्या वेळी इथे एवढा ऊस नव्हता, हे मला माहीत होतं, पण ते सांगण्यासारखी ती वेळ नव्हती.

गावात पाय ठेवल्यापासून आम्हाला लोक खेचत होते. "या पावणं, जेवा" असं म्हणत कुणीही हात धरत होतं. अक्कांच्या भावाच्या अंगणात पंगतीवर पंगती उठत होत्या. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, सुकं, भाकरी. पांढरा बाबांना फार आवडला. तांबड्याच्या पहिल्या घोटाला त्यांना असा ठसका लागला की दोन माणसं पाठ चोळायला धावली. आमच्याकडे लग्नात जेवण असतं ते आमंत्रितांना, नावांप्रमाणे. इथे अनोळखी माणसाला दारातून परत जाऊ देणं हाच अपमान. मी तर मनापासून जेवले.

निघताना प्रत्येक जण यजमानाला तेच म्हणत होता: "आमच्या जत्रंला यायचं बरं का. ईसरायचं न्हाय." यजमान म्हणत होता, "येतो की." बाबांची पाळी आली. अक्कांच्या भावाने त्यांचे दोन्ही हात धरले होते. बाबांनी तोंड उघडलं आणि मिटलं. शेवटी म्हणाले, "आभारी आहे." आभार मानल्यावर तिथल्या माणसाला काय बोलावं ते कळत नाही. तो नुसताच हसला.

त्यानंतर बोलावणी येतच राहिली. टेलरकाकांनी त्यांच्या सासुरवाडीला कबनूरला नेलं, तिथे त्यांच्या मेहुण्यांनी आपले माग त्या दिवसापुरते बंद ठेवले होते. घरात एरवी खडखडाट असतो म्हणे. त्या दिवशी फक्त भाकऱ्या थापल्याचा आवाज. तिथे बाबा अर्धीच भाकरी खाऊन उठले. तिसऱ्या जत्रेचं बोलावणं आलं तेव्हा म्हणाले, "मी येत नाही."

"का? पोट बिघडलंय?"

"लोकांकडे खायचे आणि कोणास बोलवायचे नाही, हे मला जमत नाही. लहानपणापासून कोणाचे फुकट खाल्ले नाही."

मी म्हटलं, मग आपण इथे सगळ्यांना जेवायला बोलवू. तुमचं दार आहे, चूल आहे. त्यांचे डोळे चमकले. ते तसेच खाली गेले आणि अक्कांना म्हणाले, "आम्ही येथे जत्रा करणार आहोत."

अक्कांनी हातातलं पीठ झटकलं. "जत्रा म्हंजे काय वाढदिवस हाय व्हय आबा, मनात आलं की कराया? जत्रंला गाव लागतं. गावाचा देव लागतो. देवाचा दिस लागतो. जेवान घाला की, कोन नगं म्हनतंय? पर त्याला जेवान म्हना."

अक्का चुकीचं काही बोलल्या नव्हत्या. पण बाबा वर आले ते पलंगावर भिंतीकडे तोंड करून निजले. संध्याकाळी पायरीवर गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी मोटर मीच लावली. अक्कांनी कैरीचं लोणचं वर पाठवलं, ते त्यांनी तोंडाला लावलं नाही. तिसऱ्या दिवशी क्रेओलमध्ये म्हणाले, घरी जाऊ या. महत्त्वाची गोष्ट आणि मराठीत नाही, तेव्हा मी घाबरले. मला अक्कांचा राग आला, मग बाबांचा आला, मग त्या बंदरावरच्या साहेबाचा आला.

मे

मे महिन्यात आमच्या वाडीत पूजा असते. तोडणी सुरू व्हायच्या आधी, उसाच्या कडेला चिंचेखाली आमचं देवीचं ठाणं आहे तिथे. तीन शेंदरी दगड आणि वर पत्र्याचं छप्पर. तिथे बोकड कापतात, मोठ्या पातेल्यात शिजवतात आणि सगळी वाडी, आजूबाजूच्या वाड्या, रस्त्याने जाणारी बससुद्धा थांबवून तिचा ड्रायव्हर, असे सगळे जेवतात. बाबांनी आयुष्यात ती पूजा चुकवली नव्हती. यंदा चुकणार होती.

पूजेला दोन दिवस राहिले असताना ते सकाळी आपणहून पायरीवर जाऊन बसले. अक्का भांडी घासत होत्या. मी जिन्यात थांबले. दोघांचं बोलणं सुरू झालं नसतं तर मी मध्ये पडणार होते.

"काय आबा, दिस काढलंसा रुसून?"

"परवा आमच्याकडे पूजा आहे," बाबा म्हणाले आणि त्यांनी सगळं सांगितलं. चिंच, दगड, बोकड, बसचा ड्रायव्हर. "मी येथे, आणि परवा पातेले कोण ढवळील?" असं काहीतरी शेवटी म्हणाले.

अक्कांनी हातातलं पातेलं खाली आपटलं. "आनि मग इतके दिस गाव न्हाय, गाव न्हाय काय करत हुतासा?"

बाबांनी मान वर केली.

"देव हाय. दिस हाय. बोकड पडतोय. माणसं जेवून जात्यात. आनि काय आसतंय गावाला? शिंगं?" अक्का उभ्या राहिल्या. "लेक मास्तरीन तुमची, तिलाबी कळूने? जत्रा न्हाय म्हनून मला घर मागितलं हिनं!"

मास्तरीण जिन्यात उभी होती आणि तिला खरंच कळलं नव्हतं. आम्ही सगळे जण पिढ्यान् पिढ्या समुद्रापलीकडे बघत आलो, की गाव तिथे आहे आणि आपण त्याचे हरवलेले. आम्ही राहतो ते काय आहे, हे कुणी विचारलंच नव्हतं. मला फार भरून आलं. मी खाली जाऊन अक्कांची राहिलेली भांडी घासायला घेतली, कारण दुसरं काय करावं ते सुचेना.

मग दोन दिवस अक्कांनी आम्हाला श्वास घेऊ दिला नाही. मटण कुठून आणायचं, भांडी कुणाची, सतरंज्या कुणाच्या. पण मसाल्यावरून भांडण झालंच. अक्का कांदा-लसूण मसाल्याचा डबा घेऊन वर आल्या आणि बाबांनी तो परत पाठवला. "आमच्या जत्रेस आमच्याकडचे जेवण." त्यांनी पाट्यावर स्वतः धणे, जिरं, हळद, मोहरी वाटली. कढीपत्ता टाकला, मी बॅगेतून आणलेली थाइमची, म्हणजे ओव्यासारख्या वासाच्या झुडपाची, वाळलेली पानं टाकली. त्या पानांचा वास घेऊन अक्का म्हणाल्या, "औषिद हाय काय?" बरोबर डाळपुऱ्या केल्या. पुरण गोड नाही, वाटलेल्या डाळीचं, तिखटमिठाचं. गॅलरीत तीन दगड मांडून बाबांनी त्यांना शेंदूर लावला.

गल्ली आली. टेलरकाका आणि त्यांचे मेहुणे, भाजीवाली, दिलीप, अक्कांचा भाऊ वारणेकडून, आणि तो हवालदारसुद्धा. माणसं जिन्यावर बसून जेवली. बाबा स्वतः वाढत होते, हातात पळी, मफलर कमरेला बांधलेला.

"आबा, रस्सा आळणी झालाय," दिलीप म्हणाला. "पर मटान झ्याक!"

"आजाऱ्याला बी चालंल," टेलरकाकांचा मेहुणा म्हणाला आणि तिसऱ्यांदा ताट पुढे केलं.

आमच्याकडे कुणी पाहुण्याने जेवणाला असं नाव ठेवलं असतं तर वर्षभर बोलणं बंद. इथे बाबांचा चेहरा फुलत चालला होता. परक्याच्या जेवणाला कुणी आळणी म्हणत नाही, हे तोवर त्यांना कळलं होतं.

मंडळी निघू लागली तेव्हा ते जिन्याच्या तोंडाशी उभे राहिले आणि प्रत्येकाचे दोन्ही हात धरून म्हणाले, "आमच्या गावी जत्रेस यावे. विसरू नये." लोक हसून म्हणत होते, येतो की आबा, तिकीट पाठवा. अक्का शेवटी निघाल्या. त्या हसल्या नाहीत. "येतो की," म्हणाल्या आणि खाली जाऊन भांडी लावू लागल्या.

आमच्याकडे परत

येऊन दोन महिने झाले. वाडीतले लोक आले, त्यांनी तोच प्रश्न विचारला. बाबांनी त्यांना पांढऱ्या रश्शाबद्दल सांगितलं. पुन्हा विचारलं तर पाणी भरण्याबद्दल सांगितलं. लोक थोडे हिरमुसून गेले.

एक गोष्ट मात्र मी धरून चालले नव्हते. बाबा इथे आले की खूश होतील असं मला वाटलं होतं, आणि ते आहेतही. पण संध्याकाळी ओट्यावर बसले की घड्याळाकडे बघतात. कोल्हापूर आमच्या दीड तास पुढे. "आता अक्कांच्या भाकऱ्या झाल्या असतील," ते म्हणतात. "आता दाराला कडी लावली असेल." तिथे असताना समुद्राच्या आठवणीने त्यांना झोप येत नसे. आता समुद्र समोर आहे आणि लक्ष त्या आडगल्लीत. मलाही वर्गात शिकवताना मध्येच ती पायरी दिसते. इतकी वर्षं ज्याची ओढ होती त्याला नाव नव्हतं, चेहरा नव्हता. आता आहे, आणि ओढ काही कमी झालेली नाही.

गेल्या रविवारी अक्कांचा फोन आला. त्या फोनवरही ओरडूनच बोलतात, आवाज घरभर झाला. वरच्या खोल्या अजून रिकाम्या आहेत. बघायला आलेल्यांपैकी कुणी पटत नाही. मग म्हणाल्या, "पासपोर्ट काढाय टाकलाय. पोलीस आलता चौकशीला. आपलाच तो, भाचा. इचारतोय, मामी, परदेशात काय काम काढलंसा? म्हटलं, काम कसलं, जत्रंला जायाचं हाय. आबांच्या गावच्या. पुढल्या साली."

बाबांनी फोन माझ्या हातातून घेतला. मला वाटलं आता ते आभार मानणार. "या," ते म्हणाले. "मी वाट बघतो." आणि फोन परत दिला.

आमच्याकडे पूजेचा बोकड वर्षभर आधी लहान असतानाच घेतात आणि घरी वाढवतात. आई गेल्यापासून बाबांनी तो कधी घेतला नव्हता. एवढ्या लांबचं आता आपण ठरवू नये, असं म्हणायचे. सोमवारी सकाळी मी शाळेत निघाले तेव्हा ते ओट्यावर नव्हते. बसस्टॉपवर मला समोरून येताना दिसले. डोक्यावर टोपी, आणि छातीशी धरलेलं काळं करडू, अजून नीट चालता न येणारं.